ताई, व्हेंटिलेटर आणि चादरीचं दुसरं टोक

ताई आज सकाळी गेली.

व्हेंटिलेटरवर होती. त्या शब्दाचा अर्थ मला तिनंच सांगितला होता. आज तो शब्दच नकोसा झालाय.

बुलढाण्याला शाळेत इंग्रजी शिकवायची. पण धड्यापेक्षा शब्दांचं खानदान काढण्यात जास्त जीव. बाजारात मध्येच थांबून भाजीवालीला कुठल्यातरी शब्दाची सोयरीक सांगायची.

मी म्हणायचो, "ताई, आधी मेथी घे ना."

एकदा गावी, देऊळघाटला, आमच्या खळ्यावर तूर उपणणं चालू होतं. बाबा तिवईवर, टोपलं उंच धरून दाणे खाली सोडत, म्हणजे भुसा वाऱ्यानं उडून जावा. आणि वारा पडला.

अशा वेळी आमच्याकडे दोघं जण चादरीची टोकं धरतात आणि जोरजोरात हालवून वारा घालतात. मी अन् ताई तेच करत होतो. धापा टाकत ती म्हणाली,

"बाबा, व्हेंटिलेटर हा शब्द इथूनच आला. लॅटिनमंधी व्हेंटस म्हणजे वारा. आपल्या संस्कृतातला वात त्याचा चुलतभाऊ हाय. अन् व्हेंटिलारे म्हणजे वारा घालणं, धान्य उपणणं."

बाबा वरूनच म्हणाले, "मंग त्या लोकायचा बी वारा पडत असन?"

"हाव."

"मंग ते आपलेच हायेत. चादर हालव, काऊन थांबली?"

किती हसलो होतो आम्ही.

काल आयसीयूत बाबांना थोडा वेळ आत सोडलं. मशीनकडे बघत राहिले.

"हेच का थे व्हेंटिलेटर?"

"हाव बाबा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. एक टोक माझ्यापुढे केलं.

"धर बे."

"बाबा, मशीन देऊन राह्यली तिले हवा."

"मशीन एकटी हाय. या कामाले दोघं लागतेत."

मी धरलं. सिस्टर बघत होत्या. आम्ही हळूहळू दुपट्टा हालवत राहिलो.

ताईच्या कपाळावरचे केस तेवढे हालले. बाकी काही नाही.

मग वेळ संपली, आम्हाला बाहेर काढलं. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. मी नुसता दाराशी उभा. इतका बिनकामाचा मी कधीच नव्हतो.

आत्ता सगळं आटोपून घरी आलोय. बाबा ओट्यावर बसलेत, मांडीवर तोच दुपट्टा.

मघाशी म्हणाले, "आपण लवकर थांबलो का रे?"

ताई, त्यांना काय सांगू?

तुला अखेरचा नमस्कार.