चोथ्याचा चहा

नववीच्या इतिहासात अमेरिकन वसाहतींचं स्वातंत्र्ययुद्ध जेमतेम चार पानांत उरकलं होतं. कारणांमध्ये पहिलं कारण, चहावरील कर. मुली ते घोकायच्या आणि मला दरवर्षी चीड यायची. मी सांगायचे, "अगं, चहा महागला म्हणून कोणी राजाविरुद्ध बंदूक उचलत नाही. कर धरूनसुद्धा तो चहा स्वस्तच पडत होता. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या खिशात हात घालता आणि आम्हाला विचारत नाही!" मुली मान डोलवायच्या आणि परीक्षेत पुन्हा 'चहावरील कर' एवढंच लिहायच्या.

मला ते कारण पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ते घरीच शिकले.

माझं माहेर महाडचं आणि सासर पोलादपूरजवळच्या गावात. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. सकाळी एस.टी.नं महाडच्या शाळेत यायचं, दिवे लागायच्या सुमाराला परत जायचं आणि पगार झाला की तो तसाच मामंजींच्या हातावर ठेवायचा. मामंजी म्हणजे माझे सासरे. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, अंगात खादी, गावात वजन. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या. थोरले दीर मुंबईला गिरणीत, माझा नवरा तालुक्याच्या कचेरीत कारकून. शेत, गुरं आणि चूल एकट्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगावर.

चहाची पूड मामंजींच्या कपाटात कुलपाआड असे. रोज सकाळी ते ती स्वतः काढून देत. पहिला चहा पुरुषांचा. तो गाळला की उरलेल्या चोथ्यात पाणी आणि गुळाचा खडा टाकून पुन्हा उकळायचं, तो आम्हा बायकांचा. आसपासच्या घरांतही हीच रीत होती, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझ्या पगारातून आलेल्या पुडीचा मला चोथा मिळतो, हे मी एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "चहानं पित्त होतं. बरंच आहे की."

त्या वर्षी जाऊबाईंची मुलगी सातवी पास झाली. पोरगी हुशार होती, माझी पुस्तकं मी उघडायच्या आत वाचून टाकायची. गावात पुढची शाळा नव्हती. जाऊबाई भात कांडता कांडता मला म्हणाल्या, "तू रोज म्हाडाला जातेस ना गो, तिला पन घेऊन जा. हितं राहिली तर माझ्यासारकीच होनार हाय ती."

वसाहतवाल्यांनी आधी राजाकडे अर्जच केले होते, अगदी हात जोडून, आम्ही आपली एकनिष्ठ प्रजा म्हणत. मीही तेच केलं. डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्याशी उभी राहिले. "मामंजी, पोरीला आठवीला घालू या. तिचा खर्च माझ्या पगारातून होईल."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "माझा पगार? ह्या घरात माझं-तुझं कधीपासून सुरू झालं?"

मग आम्ही दोघींनी चहा सोडला. तिकडे वसाहतींनी चहा सोडल्यावर इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना घाम फुटला होता. आमच्या बहिष्कारानं घरातला गूळ वाचला, बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा ऑगस्टला मामंजींनी गावच्या शाळेत झेंडावंदन केलं. नेहमीप्रमाणे भाषण झालं. गुलामीची भाकरी गोड लागत नाही वगैरे. मी महाडचं झेंडावंदन उरकून परतले तोवर ते चार वजनदार पाहुण्यांना घेऊन घरी आले, पूड काढून दिली आणि म्हणाले, "चांगला कडक करा." आम्ही केला. तो चहा आम्ही दोघींनी चुलीशी बसून प्यायलो, पोरीलाही दिला. चोथा पुन्हा उकळून गुळासकट कपबशांतून बाहेर पाठवला.

बाहेर एका पाहुण्यानं घोट घेऊन कप तसाच खाली ठेवला. मामंजी दारात आले. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, आमच्या कपांकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाईच बोलल्या. "आमी रोज हाच पितो, मामंजी. आज तुमी पिऊन बगा."

बोस्टनच्या बंदरात वसाहतवाल्यांनी चहा बुडवला तेव्हा राजानं बंदरच बंद करून टाकलं. मामंजींनी माझी शाळा बंद केली. उद्यापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही! मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एस.टी.नं गेले. संध्याकाळी परत आले तर माझी ट्रंक अंगणात होती.

इथं माझा नवरा माझ्या बाजूनं उभा राहिला. बापाला पहिल्यांदाच उलट बोलला. मला भरून आलं. नंतर कळलं, पगार बंद होतो म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता, आणि बापाशी त्याचं जुनं वाकडं होतंच. फ्रान्स अमेरिकेच्या मदतीला आला तो काही स्वातंत्र्यावर जीव जडला म्हणून नाही. इंग्लंडवर त्याचा जुना दात होता. हेसुद्धा मी पुढे वर्गात फार चवीनं सांगत असे.

थोरल्या दिरांना मुंबईहून बोलावलं गेलं. बाप आणि दोन मुलगे ओटीवर बसले, वाटण्या ठरल्या. आम्ही दोघी दाराआड. आमची वेगळी चूल महाडला, शेत आणि घर थोरल्यांकडे, दोन्ही घरांचं येणंजाणं बंद. मला राहवलं नाही. आतूनच विचारलं, "आणि पोरीची शाळा?"

दिरांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग माझा नवरा म्हणाला, "तो आता त्यांच्या घरातला प्रश्न आहे."

लढाई आम्ही केली आणि तह त्यांनी केला. जिच्यासाठी सगळं सुरू झालं तिचं नाव तहात नव्हतंच. जाऊबाईंनी माझा हात धरला होता, तो सोडला आणि गुरांना पाणी दाखवायला गेल्या. महाडच्या दोन खोल्यांत पहिल्या दिवशी मी ताज्या पुडीचा चहा करून प्यायले. चांगला झाला होता. नवऱ्यानं कप ठेवला आणि सांगितलं, "पगार आता माझ्याकडे देत जा."

ज्यांनी सगळी माणसं समान म्हणून जाहीर केलं, त्यांच्या शेतात गुलाम राबत होते आणि युद्ध जिंकल्यावरही राबतच राहिले. पुस्तकात ती ओळ नव्हती. मी ती दरवर्षी फळ्यावर लिहायला लागले.

मामंजी वारल्यावर येणंजाणं सुरू झालं. तोवर पोरीचं लग्न होऊन ती बिरवाडीकडे नांदत होती. मी भेटायला गेले. काकी आली म्हणून तिनं माझ्यासाठी चहा टाकला, गाळून बशीसकट हातात दिला. मग त्याच चोथ्यात पाणी ओतून भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.

"पूड संपली का गं?" मी विचारलं.

"नाय काकी, हाय ना डबाभर," ती म्हणाली आणि गुळाचा खडा फोडायला लागली. "ती मानसांची हाय."