नळातला काळा कचरा आणि नागू फिटर

नागू फिटर गेल्या माघात वारला. त्याच्यावर चार ओळी लिही, असे मला कोणी सांगितलेले नाही. पण माझ्या कपाटातल्या एकोणीसशे चौसष्टच्या वहीत त्याचे नाव माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळा आले आहे, आणि बहुतेक ठिकाणी रागाने आले आहे. ते तसेच मागे ठेवून जाणे बरे वाटत नाही.

घाटावरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला रोजनिशीचे चार रकाने आखायला शिकवले होते. हवा, काम, भेटलेली माणसे आणि शेवटी आपली चूक. चौथा रकाना रिकामा ठेवलेला त्यांना चालत नसे. लग्न होऊन लोधिवलीला आले तरी माझी ती सवय सुटली नाही. फार काही चुकले नसेल त्या दिवशी मी ‘दूध उतू गेले’ असे लिहून टाकत असे.

हे साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. नागू तिथेच फिटर होता. मूळचा कडावचा, भावाबरोबर थोडी भातशेती, पण बिऱ्हाड आमच्यापासून चार घरे सोडून. बुटका, रुंद, कानावर अर्धी विडी आणि तोंडात कायम तागाचा एखादा धागा, कारण पाइपच्या आट्यांना गुंडाळायचा ताग तो दातांत धरून ठेवी. एकसष्ट साली या दोघांनी मिळून दर रविवारी खपून आमच्या घरात नळ आणला. विहिरीवर पंप, परसात उंच चौथऱ्यावर लोखंडी पत्र्याची टाकी, तिथून एक पाइप स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीत. लोधिवलीत तेव्हा घरात नळ म्हणजे नवल होते. लोक बघायला येत. नागू त्यांना दोन्ही तोट्या दाखवी, “ही थोरली, न्हाणीतली. ही धाकटी, वैनींची.”

नळ आला ते बरेच झाले. पण त्याच्याबरोबर नागूही आला तो आलाच. कारखान्यात दिवसभर बरोबर असलेली ही दोन माणसे संध्याकाळी पुन्हा मागच्या पायरीवर बसत. हे त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत. मला वाचून दाखवायची गरज नाही, मला वाचता येते, असे त्यांचे म्हणणे. बाहेरून आले की पाय धुण्याआधी विचारत, “नागू आला होता का?” मी इंग्रजी चार बुके शिकलेली, पेटी वाजवणारी, आणि माझ्या वहीत चौदा एप्रिलला लिहिलेले आहे : ‘नागू, दोन तास दहा मिनिटे. माझ्याशी : मीठ कमी आहे.’

त्या चौसष्टच्या फेब्रुवारीत धाकटीतून काळा कचरा यायला लागला. तिळाएवढे, कधी नखाएवढे पातळ तुकडे. मी नळाच्या तोंडाला मलमलची पिशवी बांधली. संध्याकाळी पिशवी सोडून त्यातला सर्वांत मोठा तुकडा पुसून त्या दिवशीच्या पानावर गोंदाने चिकटवत असे. शाळेत फुले-पाने चिकटवत असू तसे.

“धाकटीला पडसं झालंय, सायेब,” नागू नळाला कान लावून म्हणाला.

“कान लावून कचरा दिसतो का रे?” मी विचारले.

“दिसत नाय वैनी. पन बोलतो.”

हे खदखदून हसले. माझ्या बोलण्यावर ते असे हसल्याची नोंद सापडत नाही.

नागूने आधी नळातले रबरी वायसर बदलले. दोन दिवस पाणी स्वच्छ आले, मग पुन्हा तेच. मग त्याने भिंतीवरचा पाइप उघडला. आत गंज निघाला, पण तांबडा. “हा काळा हाय. गंजाचा नाय,” तो म्हणाला. “टाकी बगू का?”

“टाकी मोतीबाईने परवाच खराट्याने घासली आहे,” मी म्हटले. मोतीबाई आमच्याकडे भांड्यांना येई. हे खरेच होते, आणि तोवर माझ्या मनात दुसरे काही नव्हते.

तेव्हा राहिला विहिरीपासून टाकीपर्यंतचा जमिनीतला पाइप. मे महिन्यात दोघांनी तो उकरायला घेतला. कारखान्यातून आले की कुदळ, रविवारी सकाळपासून कुदळ. पाण्याची चर्चा, मातीची चर्चा, हसणे. चहात कसलासा वास येतो असे हे म्हणाले, तर मी म्हटले, “विडीचा असेल. दुसरे कोण ओढते इथे?”

अकरा मेच्या दुपारी मी वही उघडली तर तीन आणि चार तारखेची पाने एकमेकांना चिकटलेली. गोंद असेल म्हणून हलकेच सोडवली, तर मध्ये काळी तार सुटली. पानावरचा तुकडा उन्हाळ्याने विरघळला होता. गंज विरघळत नाही. रबरही नाही. नाकाशी धरले आणि हमरस्त्याचे काम चालू असताना येतो तोच वास आला.

मी त्रेसष्टची वही काढली. बावीस नोव्हेंबर. ‘काम : टाकीची गळती बंद. चांगोकडून आतून डांबर. नागूवाचून.’

सगळे आठवले. टाकीचा सांधा ठिबकत होता. नागू भातकापणीला कडावला गेलेला. हे म्हणत, “तो आला की बघेल.” मला ते ‘तो आला की’ ऐकवेना. रस्त्याच्या कामावरच्या चांगोला बोलावून मी टाकीच्या तळाला आतून डांबर लावून घेतले. चांगो म्हणाला होता, “बाई, पत्रा घासून दोन दीस सुकवाया पायजे.” मी म्हटले, दोन तासांत आटप. हे घरी यायच्या आत मला ते संपवायचे होते. गळती कशाने थांबली असे यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, “बुद्धीने.”

आता तीच बुद्धी पापुद्र्यांनी नळातून येत होती.

मी बोलले नाही. नागू हरतो आहे हे मला बघायचे होते. सायबांचा हुशार फिटर, ज्याच्याशी पाइपही बोलतात, त्याला आठ दिवस उन्हात काही सापडत नव्हते. यांची मान भाजून लाल झाली, नागूच्या तळहाताचे फोड फुटले. मी दोघांना कोकमाचे सरबत नेऊन दिले. त्या आठ दिवसांचे चौथे रकाने रिकामे आहेत.

पाइप आतून लख्ख निघाला. रविवारी नागूने कोणाला न विचारता टाकीला शिडी लावली, झाकण सरकवले आणि खांद्यापर्यंत हात घातला. खाली आला तो बोटे हुंगत.

“काय रे?” यांनी विचारले.

नागूने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. मी तिथे उभी होते. ते डांबर त्याने लावलेले नव्हते हे त्याला ठाऊक, मलाही ठाऊक.

“माजीच चूक, सायेब. सांद्याला डांबर फासलं व्हतं मी. सुटलं.”

“तू? आणि आठ दिवस मला जमीन उकरायला लावलीस?”

“इसरलो.”

“डांबर प्यायला घातलंस घरातल्या माणसांना आणि विसरलास? मग कशाला म्हणवतोस फिटर? जा तू. उद्यापासून येऊ नकोस.”

नागूने पाना, ताग, सगळे गोणपाटात गुंडाळले आणि गेला. त्याचा चहा पायरीवर तसाच राहिला.

मला हवे होते ते मिळाले. संध्याकाळी पायरी रिकामी, हे घरात, समोर मी. यांनी टाकीची चावी बंद करून टाकली आणि मी पुन्हा विहिरीवरून पाणी ओढू लागले. दुसरा फिटर बघू का म्हटले तर ते उठून परसात गेले. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राही. मी मुद्दाम आमटीत मीठ घातले नाही. ते तशीच ओरपून उठले. वहीत लिहिले : ‘माझ्याशी : काही नाही.’

अकराव्या दिवशी मी नागूकडे गेले. तो अंगणात विळ्याला धार लावत होता. त्याची बायको आवडी तांदूळ निवडत होती.

“खोटे का बोललास?” मी विचारले.

“खरं बोलून काय झालं असतं? तुमची दोगांची भांडनं. मंग मला चहा कोनी दिला असता?”

“आता तरी कुठे मिळतोय?”

“त्ये मात्र चुकलं,” तो म्हणाला आणि हसला. “मला वाटलं सायेब दोन दिसांत इसरतील. ते स्टोअरातला कागद बी इसरत नाय, मानूस कसा इसरतील.”

“मी लावून घेतले हे तुला कसे कळले?”

“चांगो माजा मावसभाव हाय, वैनी. टाकीत डांबराचा वास आला तवा त्याचं बोलनं आठवलं.”

आवडी सूप आपटत म्हणाली, “मी सांगू का, वैनी? तुमच्या सायबाला दोन बायका हाईत. एक तुमी न एक ह्यो माजा घरवाला. सवती सवतीत मी कशाला पडू?”

मला हसायला हवे होते. मी तशीच परत फिरले. कारण तिने चेष्टेत म्हटले, तेच मी तीन वर्षे रोज लिहीत होते.

घरी येऊन मी दोन्ही वह्या काढल्या. माझी वही यांनी कधी उघडली नव्हती, मीही उघडू दिली नव्हती. बावीस नोव्हेंबरचे पान आणि ते चिकटून फाटलेले पान, दोन्ही उघडी यांच्या समोर ठेवली. त्याच दिवशीच्या पानाचा चौथा रकानाही मी आधीच भरून त्यांना दाखवला : ‘आठ दिवस माहीत असून गप्प बसले. नागूचा हेवा.’

यांनी चष्मा लावून वाचले. एकदा, पुन्हा एकदा. काळ्या डागावर बोट ठेवून पाहिले, ते बोटाला चिकटले. मग उठले. मला वाटले आता बोलतील, चांगले की वाईट, पण माझ्याशी बोलतील. ते चपला घालून बाहेर पडले आणि चार घरे पलीकडे गेले.

पुढच्या रविवारी दोघांनी टाकी उतरवून तिचा तळ खरवडला, घासला आणि तीन दिवस उन्हात सुकवला. सांध्याला नागूने आपला गळती बुजवायचा सफेदा आणि ताग लावला. नळ सुटला तेव्हा त्याने मला हाक मारली, “या वैनी, धाकटी बरी झाली.” मी ओंजळ धरली. पाणी स्वच्छ होते. यांनी त्या पानाबद्दल मला कधीच काही विचारले नाही, मात्र त्या दिवसापासून वर्तमानपत्र वाचताना आवाज थोडा मोठा केला, स्वयंपाकघरापर्यंत येईल एवढा.

नागू त्यानंतर पंधरा वर्षे त्या पायरीवर बसला. हे गेले तेव्हाही तिथेच बसला होता, आणि असा रडला की आलेली माणसे मला सोडून त्याला सावरायला गेली. मी कोरडी उभी होते. त्याच्या रडण्याचाही मला हेवा वाटला. तेही त्या दिवशीच्या चौथ्या रकान्यात लिहिलेले आहे.