चिंधी बांधलेलं झाड

लेट्यूसचं पान तोडलं की बोटांना पांढरा चीक लागतो आणि मला सेलूची आमची सांदवाडी आठवते. घरामागच्या त्या परसातल्या एका वाफ्यात सासूबाई माहेराहून आणलेलं लेट्यूसचं बी दरवर्षी पेरायच्या. एका वर्षी बियाण्यासाठी राखलेल्या एकाच झाडाला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. पाहुणे यायचे होते म्हणून मी वाफा साफ केला; चिंधीही मला कचराच वाटली आणि तिच्यासकट ते झाडही मी उपटून टाकलं. "माह्यं बियाण्याचं झाड कुठं गेलं वं?" त्यांनी विचारलं. "शेजारच्या बकरीनं खाल्लं," मी पटकन बोलून गेले. त्यांनी वाळलेल्या चिकानं काळी पडलेली माझी बोटं पाहिली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "मुक्या जनावराले काय समजते!" आज बाजारातली जुडी निवडतानाही माझी बोटं पदराआड जातात.