सुधाताईंचे शनिवार

सुधाताई रानडे कुणाकडे रिकाम्या हातानं जायच्या नाहीत. पिशवीतून सफरचंदं निघायची, डागाळलेली, वेडीवाकडी. "ट्रस्टच्या बागेतली आहेत. नाक मुरडू नकोस, खा." इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या सॉफ्टवेअर कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या भागातल्या एका ट्रस्टला वाहून घेतलं होतं. गावाबाहेरची कुरणं, जुन्या फळबागा ताब्यात घ्यायच्या, तिथे इमारत उठू द्यायची नाही, आणि माणसांना तिथे फिरू द्यायचं, हे ट्रस्टचं काम. "नुसतं पाखरांसाठी कुंपण घातलं, तर आपली पोरं शिकणार कुठं गं?" हे त्यांचं पालुपद.

गावातले म्हातारे ब्राउन आपली बाग ट्रस्टला देणार होते. सुधाताईंनीच त्यांना राजी केलं होतं. तेवढ्यात होळी आली आणि आमच्या मराठी मंडळानं घोळ घातला. बागेच्या कोपऱ्यात सुक्या फांद्यांचा ढीग होता. होळी म्हटली की लाकडं गोळा करायची, ही आपली रीत! मंडळातल्या सुरेशच्या उत्साहानं मंडळींनी ढीग ग्रिलप्लाट्झवर, म्हणजे शेकोटीसाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर नेला, शिवाय बागेतला तो कोपराही झाडून लख्ख केला. त्या ढिगाखाली इगेल, म्हणजे अंगभर काटे असलेले ते छोटे प्राणी, हिवाळाभर झोपलेले असतात. दोन उघड्यावर पडून गारठून मेले.

"जमीन देईन," ब्राउन म्हणाले, "पण फाटकाला कायमचं कुलूप. माणसं नकोत."

सुधाताई आम्हाला रागावल्या नाहीत. सगळ्यांना घेऊन ब्राउनच्या दारात उभ्या राहिल्या. "ही माझी माणसं. यांना ठाऊक नव्हतं. कुलूप लावलंत, तर कधीच ठाऊक होणार नाही."

"बरं... पुढच्या वसंतापर्यंत बघतो. तोवर कुलूप राहील."

मग दर शनिवारी ब्राउन कुलूप काढायचे आणि आम्ही राबायचो. नवा ढीग रचला. गवत अर्धं कापायचं, अर्धं फुलांसकट ठेवायचं. सुरेशचे हात शिवशिवायचे. "अहो ताई, किती अर्धवट दिसतंय!"

"दिसू दे. मधमाश्यांचं जेवण चाललंय, ताट ओढू नकोस."

ब्राउन स्टुलावर बसून नुसते बघायचे. बरं नाही, वाईट नाही. सुधाताई मात्र त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा आणायच्या, शेजारी बसून गप्पा मारायच्या.

पानगळीत सुधाताईंचा कॅन्सर कळला. हॉस्पिटलमध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ब्राउन काही बोलले?"

"नाही हो."

"थांबा. घाई नका करू त्यांची."

ऐन थंडीत त्या गेल्या. मला ब्राउनचा इतका संताप आला होता! एक शब्द बोलला असता म्हातारा, तर काय बिघडलं असतं?

अंत्यविधीनंतर आम्ही तसेच बागेकडे गेलो. ब्राउन आमच्या आधी पोचले होते. पाना घेऊन त्यांनी फाटक बिजागऱ्यांतून सोडवलं होतं, पण एकट्याला उचलत नव्हतं. सुरेशनं दुसरी बाजू धरली. दोघांनी ते गवतावर आडवं ठेवलं.

"कधी ठरवलंत हे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यातच."

"मग त्यांना सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

ब्राउननी हातातला पाना गवतावर ठेवला. "सांगितलं असतं, तर त्यांचं दर शनिवारी येणं थांबलं असतं."