काचवाल्याच्या घरची प्रार्थना

आमच्या गल्लीतल्या काचवाल्याबद्दल कोणी लिहावं असं त्याने काही केलेलं नाही, आणि मीही काही लिहिणारा नव्हे. पण त्याच्या घरी मी कैक वर्षं रोज संध्याकाळी बसत आलो, म्हणून जमेल तसं सांगतो.

खिडक्यांना, कपाटांना, तसबिरींना काचा बसवण्याचं त्याचं दुकान खाली, घर वर, आणि त्याच जिन्यावर माझी खोली. माणूस कामाला चोख आणि बोलायला तुसडा. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात म्हणाले की प्रार्थना ही मनात आलं तर करायची गोष्ट नव्हे; रोजची एक वेळ ठरवा, एक जागा ठरवा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. काचवाला विसरला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर पाडलं, हातावरची काचेची कच धुतली, की तो वर येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसू लागला. बायको, मुलगा, सून समोर. आधी एक स्तोत्र वाचायचं, मग एकेकाने आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची. सुरुवात धाकट्यापासून, शेवट त्याचा. आमेन होईपर्यंत ताटावरचं झाकण उघडायचं नाही. मी एकटा राहतो, म्हणून मलाही बोलावलं. म्हणाला, "तिकडे भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा इकडे येऊन डोळे मीट."

सुरुवातीला सगळ्यांचीच पंचाईत झाली. सून लाजून पुटपुटायची, मुलगा पाहुण्यासारखा दोन वाक्यांत आटपायचा. पण सवय लागली. कोणाला ताप असो, पाहुणे असोत, वीज गेलेली असो, ती वेळ चुकली नाही. चर्चच्या मंडळीत त्या घराचं उदाहरण देऊ लागले.

बिघडलं ते गॅसच्या सिलिंडरवरून. वहिनींनी, म्हणजे काचवाल्याच्या बायकोने, सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं, पण काचवाला तो काही आणेना. त्या संध्याकाळी वहिनींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे दयाळू पित्या, ज्यांना लोकांच्या खिडक्या दिसतात पण घरातला थंडगार गॅस दिसत नाही, त्यांना आठवण दे." सुनेला हसू आवरेना. सकाळी सिलिंडर हजर. देवाने ऐकलं की नाही कोण जाणे, नवऱ्याने ऐकलं.

मग काय, सगळ्यांनाच वाट सापडली. मुलगा प्रभूकडे दुकानासाठी नवा पंखा मागू लागला. सून म्हणे, "प्रभू, न्हाणीघरात शिरून गाणी म्हणत बसणाऱ्यांना बाहेर उभ्या असलेल्यांची दया येऊ दे." वहिनींनी एकदा मलाही सोडलं नाही. "आणि जे रोज येतात, पण उठताना खुर्ची जागेवर ठेवत नाहीत, त्यांनाही आशीर्वाद दे." तेव्हापासून मी खुर्ची ठेवतो. आम्ही हसायचो. डोळे मिटून बोललेल्याला उलट उत्तर देता येत नाही, ही त्यातली सोय. काचवाल्याला ती सगळ्यांत जास्त मानवली.

पुढे मुलाला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. मोठ्या इमारतींना काचा लावणारी कंपनी होती, राहायला जागाही देणार होती. त्याने बापाला विचारलं. बाप काच कापत होता, त्याने मान वर केली नाही. संध्याकाळी मात्र म्हणाला, "प्रभू, ज्यांना बापाचं दुकान लहान वाटू लागलंय त्यांचा गर्व उतरव." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

दिवसभर दोघे एकाच टेबलाला, एकाने काच धरायची, दुसऱ्याने कापायची, पण तोंडातून शब्द नाही. बोलायचं ते संध्याकाळी. मुलगा म्हणायचा, "प्रभू, मला परवानगी हवी आहे, शाप नको." बाप म्हणायचा, "प्रभू, म्हाताऱ्यांना टाकून जाणाऱ्यांना क्षमा कर."

जिन्यात सून मला म्हणाली, "काका, आमच्याकडे देवाला आता पोस्टमनचं काम लागलंय."

"तू तरी सांग ना सासऱ्यांना."

"कधी सांगू? डोळे उघडे असताना ते ऐकतात कुठे?"

मग मीच धीर करून दुकानात गेलो. काचवाला एकटाच होता. म्हणाला, "तो गेला तर हे शटर मी कोणासाठी उघडू?"

"हे त्याला सांग की."

"रोज सांगतोच आहे," तो म्हणाला.

शेवटच्या संध्याकाळी मुलाने प्रार्थना केली ती अशी: "प्रभू, कापताना काचेवर रेघ एकदाच ओढायची, पुन्हा पुन्हा ओढली की काच वाकडी फुटते, हे बाबांनी मला शिकवलं. ते त्यांनाही आठवू दे. आम्ही उद्या निघतो. आमेन."

वहिनींनी नुसतं आमेन म्हटलं. माझी पाळी मी कशीबशी उरकली. मग काचवाल्याची पाळी. मी एक डोळा किलकिला केला. मुलगा डोळे उघडे ठेवून बापाकडे बघत होता. बापाने डोळे उघडून नुसतं "थांब रे" म्हटलं असतं तर तो थांबला असता, असं मला वाटतं. मी चुकतही असेन. काचवाल्याने डोळे आणखी घट्ट मिटले.

"प्रभू, जो बापाच्या घरातून उठून जातो त्याच्यावर डुकरांच्या शेंगा खायची वेळ येते, हे तुझ्या शास्त्रातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आहे."

"तो परतला की बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, तेही आहे," मुलगा म्हणाला आणि उठला. त्याचं ताट झाकलेलंच राहिलं.

मुलगा-सून गेले, प्रार्थनेची सवय मात्र मोडली नाही. आता आम्ही दोघेच बसतो. वहिनी आत आधीच जेवून घेतात. काचवाला स्तोत्र वाचतो, डोळे मिटतो आणि गप्प राहतो. ज्यांना ऐकवायचं ते समोर नाहीत, आणि नुसत्या देवाशी काय बोलावं हे त्याला सुचत नाही. थोड्या वेळाने म्हणतो, "आज तूच कर."

परवा असेच बसलो असताना त्याच्या खिशातला फोन वाजला. मुलाचाच असणार. बाप नक्की कुठे सापडेल याची खात्री असलेली ती एकच वेळ. काचवाल्याने खिशावर हात ठेवला, डोळे मिटलेलेच.

"प्रभू," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला पुन्हा पूर्वीची धार आली. "ज्यांना या घरातली प्रार्थनेची वेळ ठाऊक आहे, तरी जे नेमके याच वेळी..."

पुढचं त्याला सुचेना. फोन वाजतच होता. वहिनी दारात आल्या.

"अहो, घ्या ना," त्या म्हणाल्या. देवाला नव्हे, सरळ नवऱ्याला.

त्याने खिसा आणखी दाबून धरला. फोन थांबला.

"आमेन," तो म्हणाला, आणि ताटावरचं झाकण काढलं.