मास्तरांनी पास केलेली चिप

मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. समजावून सांगायची खोड, म्हणून हे नाव पडलं. आमच्या कारखान्यात विणकामाच्या यंत्रांचे कंट्रोलर बनतात. त्यातल्या मुख्य चिपच्या आतली जोडणी ते लिहायचे, एकोणीस वर्षं. मी शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करते. तोंडाची फटकळ, सगळे मला टरकून असतात. मास्तर तेवढे कधी टरकले नाहीत.

त्या जुन्या चिपचं एक होतं. एवढासा बदल केला, तरी कॉम्प्युटरला सगळी जोडणी नव्याने मांडायला तीन तास लागायचे. तेवढ्या वेळात मास्तर खुर्ची ओढून माझ्याकडे यायचे. मी सुनेची गाऱ्हाणी सांगायची, ते वर तिचीच बाजू घ्यायचे! एकटा जीव. एकदा म्हणाले, "बाई, इथून निघालो की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंड उघडत नाही मी." मी हसण्यावारी नेलं.

मग ती नवी चिप आली. एकाच चिपमध्ये सोळा छोटे प्रोसेसर. प्रत्येकाला साधा प्रोग्राम लिहून आपापलं काम नेमून द्यायचं, आणि हवं तेव्हा बदलायचं. बदलायला दहा सेकंद! साहेबांना शंका एकच, ही जुनीसारखी काटेकोर वेळ पाळेल का? क्षणभर उशीर झाला तर अख्खं कापड वाया. तपासून निकाल द्यायचा होता मास्तरांनीच.

महिनाभर ते तपासत राहिले. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "नापास करून टाका की मेलीला! कोण विचारतंय?"

"एकदाही चुकली नाही हो बाई," ते म्हणाले. "खोटं कसं लिहू?" आणि माझ्यादेखत त्यांनी सही केली. मला असा राग आला! जळला मेला तो खरेपणा.

नंतर त्यांचं येणं बंदच झालं. दहा सेकंदांत माणूस खुर्चीतून उठणार तरी कधी? माझ्याकडेही नव्या चिपच्या बोर्डांचा ढीग पडला होता, मान वर करायला फुरसत नव्हती.

परवा दुपारी कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. मास्तर होते. हातात ना बोर्ड, ना कागद. मी सोल्डरिंग न थांबवताच विचारलं, "काय काम होतं?"

"काही नाही," म्हणाले. आणि परत गेले.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. जीभ कशी झडली नाही माझी!