मामांच्या सुट्टीचं झाड

आमच्या ऑफिसात मामांची सुट्टी म्हणजे उंबराचं फूल. गोदामांचा हिशेब ठेवणारा आमचा प्रोग्राम म्हातारा झालेला. लिहिणारे केव्हाच पांगले, मूळ कोडही हरवला. तो कुठे अडतो ते ठाऊक फक्त मामांना, ऑफिसातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामरना. मग ते कुणाच्या लग्नात असोत नाहीतर तापाने फणफणलेले असोत, फोन त्यांनाच. मला साहेबांचा भयंकर राग यायचा. मामांच्यात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

यंदा त्यांची ताई अंथरुणाला खिळली. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. मामांना महिनाभर तिच्याजवळ राहायचं होतं. साहेब म्हणाले, "जा की! फक्त तुमच्या डोक्यातलं इथे ठेवून जा."

मामांनी ते मनावर घेतलं. रिफ्लेक्शन नावाची एक सोय असते. चालू प्रोग्रामलाच विचारायचं, बाबा रे, तुझ्यात क्लास, म्हणजे कामांचे कप्पे, कोणकोणते, कोण कोणापासून निघाला, कोणाला काय काम येतं? येतील ती उत्तरं मामांनी पडद्यावर झाडासारखी मांडली. फांदीवर क्लिक केलं की तिच्या पोटातल्या फांद्या उघडायच्या.

साहेबांनी पाहिलं. झाड अगदी आटोपशीर.

"एवढंच? हे तर हीसुद्धा सांभाळेल," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "जा मामा, उद्यापासून सुट्टी."

मामा उठले, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. माझ्याही लक्षात आलं. मामांनी फक्त बाहेरून दिसणारे भाग मागितले होते. क्लासच्या आतले, झाकलेले भाग मागायचे राहूनच गेले होते, आणि खरी मेख तिथेच होती.

"मामा, गप्प बसा," मी कुजबुजले. "माझं मी बघेन."

"तुझ्या गळ्यात धोंड बांधून जाऊ होय? रडशील, पोरी."

त्यांनी एक ओळ बदलून आतले भागही मागितले. झाड उघडत गेलं, उघडतच गेलं, पडदा पुरेना. साहेबांचा चेहरा पडला.

"मामा, हे तुमच्याशिवाय कोण बघणार? पुढच्या महिन्यात पाहू."

मामा उठले. खिडकीपाशी जाऊन ताईला फोन केला, परत येऊन खुर्चीत बसले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"दरवेळी 'वाट बघते' म्हणते," मामा म्हणाले. "आज नुसतं 'बरं' म्हणाली."